पुढच्या खोक्याची सायकल

नात सान्वी सायकलच्या खोक्यात बसून शाळेला जायला लागल्यापासून आसावरीच्या पोटात रोज सकाळी सात वीसला गोळा यायचा. पावणेआठला तिचे यजमान त्र्यंबकराव रिकामं खोकं घेऊन सोसायटीच्या गेटातून आत शिरले की तो जायचा. मधली पंचवीस मिनिटं ती गॅलरीत उभी असायची. चहा ओट्यावर गार होत असायचा.

घरात तिच्या या भीतीचं कुणाला कौतुक नव्हतं. आसावरी लिफ्टला घाबरते, कुकरच्या शिट्टीला घाबरते, मग सायकलला घाबरली तर नवल ते काय, असा सगळ्यांचा हिशेब. आणि खरं सांगायचं तर तिची कीर्तीच तशी होती. गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसली की तिला रस्ता बोलायची खोड होती. "अहो, रिक्षा. अहो, डावीकडून बाई येतायत. स्पीडब्रेकर, स्पीडब्रेकर!" कल्याणहून ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जाऊन येईपर्यंत तिचा घसा बसायचा. मागच्या सीटवरून केदार, तिचा मुलगा, तिच्या आवाजाची नक्कल करायचा. त्र्यंबकराव भडकायचे. "मला डोळे आहेत. तूच चालव ना मग!" वर्षानुवर्षं प्रत्येक प्रवासात हे भांडण ठरलेलं.

दोन वर्षांपूर्वी ते थांबलं. तिचं बोलणं नव्हे, त्यांचं चिडणं. ती "अहो, कुत्रा" म्हणाली की मुकाट ब्रेक लावायचे. एकदा डोंबिवलीच्या लग्नाहून येताना ती कशावरून तरी रुसून गप्प बसली होती, तर पत्रीपुलाच्या अलीकडे तेच म्हणाले, "अगं, बोल ना. आज गप्प का?" आसावरीचा राग तिथल्या तिथे विरघळला. उशिरा का होईना, माणसाला आपल्या आवाजाची किंमत कळली म्हणून ती मनातून सुखावली. बायका कशाकशावर सुखावतात, सांगून सोय नाही.

मग पावसाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने ती गाडीत बसली नाही. त्या तीन महिन्यांत गाडी एकदा सोसायटीच्या खांबाला घासली आणि एकदा एका रिक्षाचा आरसा घेऊन आली. आणि दिवाळीनंतर एका रविवारी, जेवताना, त्र्यंबकरावांनी जाहीर केलं, "गाडी विकून टाकू या. आपल्याला लागते कशाला? सान्वीची शाळा, भाजी, बँक, गॅसवाला. सगळं चार किलोमीटरच्या आत. मालवाहू ई-सायकल घेऊ."

सून रसिका तर टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. ती आणि केदार सातच्या आत घर सोडायचे. पार्किंगची कटकट जाणार, पेट्रोल वाचणार, आणि वर पर्यावरणाचं पुण्य. "बाबा, तुम्ही भारी आहात," ती म्हणाली. "माझ्या ऑफिसातली पोरं नुसती बोलतात, तुम्ही करताय."

त्र्यंबकराव कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय घेणारे नव्हते. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात त्यांनी तपासणी खात्यात उमेदीची वर्षं काढली होती. धाग्यातला केसाएवढा दोष त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. त्यांच्या खात्याची एक रीत होती, ती ते आजही पाहुण्यांना रंगवून सांगायचे. टेबलाशी दोन माणसं. एक बोलणारा, एक लिहिणारा. बोलणाऱ्याने माल बघायचा आणि दोष दिसला की मोठ्याने बोलायचा. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, स्वतः बघायचं नाही, ऐकलं ते लिहायचं. "बोलणाऱ्यावर शंभर टक्के भरवसा," ते बोट वर करून सांगायचे. "तो नसेल तर खातंच बंद."

तर त्यांनी नवी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि तीन सायकली तपासायला घेतल्या. तिन्ही आंबिवलीच्या सुदेशच्या शेडमधल्या. सुदेश मूळचा वेल्डर, आता स्वतःच ई-सायकली बनवायचा. पहिली, साध्या सायकलीला मागे मोठं कॅरिअर लावलेली. दुसरी लांब शेपटीची, म्हणजे मागे लांब बाकडं आणि त्याला लहान मुलासाठी कठडा. तिसरी पुढच्या खोक्याची. हँडलच्या पुढे लाकडी खोकं, त्याला बाजूने दार, आत बसायला फळी. त्र्यंबकरावांनी प्रत्येकीत चाळीस किलो बटाटे भरून पुलाचा चढ चढवला. बॅटरी किती किलोमीटरला बसते ते मोजलं. सुदेश पन्नास म्हणत होता, ते अडतीस निघाले. बॅटरी काढून स्वयंपाकघरात चार्ज करून पाहिली. ब्रेक, वळण, जिन्याखाली मावते का, सगळ्याला गुण दिले.

बेरीज आसावरीने पाहिली होती. लांब शेपटीची सायकल सगळ्यात पुढे होती. ती स्वस्त, हलकी, चढावर चांगली आणि दोन रिक्षांच्या मधून निघणारी. पुढच्या खोक्याची महाग, जड, वळायला आडमुठी. आणि त्र्यंबकराव म्हणाले, "पुढच्या खोक्याची घेऊ."

सुदेशलाही ते पटलं नव्हतं. "काका, तुमच्याच वहीत शेपटीवाली जिंकलीय ना? मी आधीच बोललेलो, मुलांना तीच बेस्ट. हिला का उगाच जास्त पैसे घालताय?"

"पोरगी डोळ्यांसमोर पाहिजे," त्र्यंबकराव म्हणाले.

आजोबांचं प्रेम ते, त्यावर कोण काय बोलणार? सुदेशने पंधरा दिवस चालवून बघा म्हणून सायकल दिली. सान्वी पहिल्या दिवशी हेल्मेट घालून खोक्यात उभी राहिली तेव्हा अख्ख्या विंगेने गॅलरीतून हात हलवले. आसावरीनेही हलवला.

बारा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास आसावरी दिवाणखान्यात भाजी निवडत होती. सान्वी मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात बसून खेळत होती. मागे एक बाहुली ठेवली होती. आणि सान्वी बोलत होती.

"खड्डा, उजवीकडून घ्या. डावीकडे माणूस. माणूस थांबला. कुत्रा, डावीकडे, हळू. रिक्षा बाहेर येतेय, ब्रेक!"

आसावरीला आधी हसू आलं. नात आपल्यावर गेली. मग तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"सानू, हा कुठला खेळ गं?"

"आमच्या डिपार्टमेंटचा." सान्वीने मान वळवली नाही, नजर पुढे, पाठ ताठ. "मी बोलणारी. आबा लिहिणारे. पण आबा लिहीत नाहीत, चालवतात. खड्ड्याला एक पॉइंट, कुत्र्याला दोन, माणसाला पाच. शाळेच्या दारात आबा विचारतात, आज किती पकडलेस?"

"आणि बोलली नाहीस तर?"

"असं चालतच नाही आजी. बोलणाऱ्याने मागे बघायचं नाही, गाणं म्हणायचं नाही. झोप आली तर आधी सांगायचं. मग आबा सायकल थांबवून हातात धरून चालत नेतात. सोमवारी नेलेली."

ती पुन्हा बाहुलीला रस्ता सांगू लागली. आसावरी उठली.

तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. आजोबांची हौस. कारखाना सुटला तरी खातं डोक्यातून जात नाही. हा माणूस सकाळी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतो, बारीक जाहिरातीसुद्धा. पण एकदा शंका शिरली की एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊन उभी राहते. कपाटाच्या उघड्या दाराला त्यांनी डोकं आपटलेलं. पायात आलेलं स्टूल. ताटाच्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहायची आणि ते म्हणायचे, "आज चटणी नाही का?" तिने टीव्हीखालची वही काढली. पुढच्या खोक्याच्या सायकलीच्या पानावर, फायद्यांच्या रकान्यात, एका ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. लायसन्सची गरज नाही. त्र्यंबकरावांचं लायसन्स मार्चमध्ये संपलं होतं. नव्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत होता आणि आज जातो, उद्या जातो करत ते गेले नव्हते.

तिने रसिकाला फोन लावला. ती अजून ऑफिसातच होती. "रसिका, मला भीती वाटतेय गं. सानूला त्या सायकलवरून..."

"आई," रसिका हसली, "तुम्ही लिफ्टलाही घाबरता. आणि रविवारी गाडीचं गिऱ्हाईक येतंय, आता मागे नाही हटायचं हं. मीटिंग आहे, ठेवते."

आयुष्यभर ऊठसूट घाबरण्याचा हा तोटा. जेव्हा खरंच घाबरायची वेळ आली तेव्हा तिचं घाबरणं कुणी मोजायला तयार नव्हतं. रविवारी गाडी जाणार, सायकल कायमची येणार, आणि सोमवारी सात वीसला सान्वी पुन्हा त्या खोक्यात बसणार. नवऱ्याला सरळ विचारावं तर तो वाघासारखा अंगावर येईल, नाहीतर हसून उडवून लावेल. पुरावा पाहिजे. तपासणी खात्याच्या माणसाची बायको होती ती. तपासल्याशिवाय बोलून भागणार नव्हतं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. सान्वी केदारपाशी होती. साडेनऊला आसावरी म्हणाली, "अहो, मोहन्याच्या बाजारातून भाजी आणू. मीही येते, खोक्यात बसून."

त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला. "तू येतेस? वा! ये, ये. तू असलीस म्हणजे प्रश्नच नाही."

ते शेवटचं वाक्य तिने मनात टिपून ठेवलं.

खोक्याचं दार उघडून ती फळीवर बसली. मागे तिचा नवरा, पुढे नुसता रस्ता. मोटारची बारीक गुणगुण सुरू झाली आणि तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. ठरवलं होतं, अगदीच जिवावर आलं तरच बोलायचं. तोवर एक शब्द नाही.

खडकपाड्यापर्यंतचा रस्ता सरळ होता. नाकासमोर सायकल व्यवस्थित चालत होती, समोरच्या बसला त्यांनी नीट अंतर ठेवलं. तिला वाटलं, आपणच वेडे. तेवढ्यात स्पीडब्रेकर आला. रंग उडालेला, पण होता. तिने ओठ दाबून धरले. सायकलचा वेग जराही कमी झाला नाही. खोकं दाणकन उडालं, ती फळीवरून उचलली जाऊन पुन्हा आदळली.

"आज गप्प का?" मागून आवाज आला. तोच प्रश्न, पत्रीपुलाजवळचा. फक्त या वेळी त्यात घाबरलेपण तिला स्वच्छ ऐकू आलं.

तिने उत्तर दिलं नाही. मोहन्याच्या रस्त्याला वळल्यावर डाव्या कडेला केबलसाठी चर खणला होता आणि त्याच्यापुढचं बॅरिकेड आडवं पडलं होतं. सायकल चराच्या कडेकडेने चालली, हातभर अंतरावरून. आसावरीला खालची लाल माती आणि उघडे पाइप दिसत होते. तिने दोन्ही हातांनी खोक्याची कड अशी आवळली की बांगडी मनगटात रुतली. चर संपला. एक कुत्रा डावीकडून आला आणि स्वतःच्या अकलेने वाचला.

"आसावरी, बरं नाही का वाटत? बोल ना गं."

आता पुरे, तिने ठरवलं, आता सांगायचं, थांबा म्हणायचं. आणि ते म्हणायला तिने श्वास घेतला तेवढ्यात डावीकडच्या उभ्या टेंपोमागून एक मुलगी रस्त्यावर आली. सान्वीएवढी. हातात दुधाची पिशवी, लक्ष पिशवीत.

मिठाची गुळणी गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गेला असेल. तेवढाही जास्त होता.

"अहोऽ! डावीकडे! ब्रेक!"

ब्रेक चांगले होते. वहीत त्यांना दहापैकी नऊ मिळाले होते. सायकल किंचाळत थांबली, खोक्याचा कोपरा मुलीच्या फ्रॉकला लागला आणि ती मागच्या मागे बसली. पिशवी फुटली. दूध रस्त्यावर पसरलं. मुलीने आधी दुधाकडे पाहिलं, मग आसावरीकडे, आणि भोकाड पसरलं. टेंपोवाला धावला, एक बाई धावली, त्यांनी तिला उठवलं, झटकलं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

आसावरी मागे वळली. त्र्यंबकराव दोन्ही ब्रेक आवळून उभे होते, मान इकडेतिकडे फिरवत, रडण्याचा आवाज शोधत. मुलगी त्यांच्यापासून चार फुटांवर, डाव्या हाताला होती.

"काय होतं गं?" त्यांनी विचारलं. "कुठे होतं?"

आसावरीला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. लिफ्टची नाही, ऑपरेशनच्या टेबलावर नाही, कशाचीच नाही. या प्रश्नाची वाटली.

मुलीच्या आईची माफी मागून, दूध आणून देऊन, टेंपोवाल्याच्या चार शिव्या खाऊन ते दोघं पुढे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. सायकल समोर उभी होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काचबिंदू आहे. ठाण्याच्या डॉक्टरने सांगितलं. समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. कडा गेल्या. गेलेल्या परत येत नाहीत म्हणाला. थेंब घालतो रोज, बाथरूममध्ये." ते आपल्या हातांकडे बघत होते. "दोन वर्षं झाली. गाडी बंद करा म्हणाला होता."

"दोन वर्षं? आणि गाडी? दोन वर्षं गाडी कशी चालवलीत?"

हे काय विचारणं झालं, अशा नजरेने त्र्यंबकरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू होतीस ना शेजारी."

आसावरीला ते सगळे प्रवास आठवले. टेंभी नाका, पत्रीपूल, डोंबिवलीचं लग्न. मागच्या सीटवर केदार, रसिका आणि तिच्या मांडीवर चार वर्षांची सान्वी, नक्कल करत, हसत. एखादा दिवस तिला डुलकी लागली असती तर? त्या दिवशीचा रुसवा आणखी पाच मिनिटं टिकला असता तर? तिला वाटलं होतं, आवाजाची किंमत कळली. किंमत होती खरी. पाच जणांच्या जिवाची.

"आणि मी घरी बसल्यावर तुम्ही सानूला बसवलंत माझ्या जागेवर."

"ती चुकत नाही गं. बारा दिवसांत एकदाही नाही. मी तिला रीतसर शिकवलंय. बोलणाऱ्यावर भरवसा..."

"सहा वर्षांची आहे हो ती!" आसावरीचा आवाज फाटला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, बघू देत. "ती शिंकली असती तर? तिचा दात हलतोय, तो हलवत बसली असती तर? बोलणारा चुकला की तुमच्याकडे धागा वाया जायचा. इथे सगळ्यात पुढे तीच बसते!"

त्र्यंबकराव म्हणाले, "एकदा सांगितलं असतं की मी घरातला कोपराच झालो असतो. सोडायला नको, आणायला नको, बसा आबा. मला त्याची भीती वाटली." समोरच्या सायकलकडे बोट करून ते पुढे म्हणाले, "याच्यापेक्षा जास्त वाटली. ते चुकलं."

आसावरीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "वही आहे?"

वही खोक्यात, फळीखाली होती. रोजची नोंद करायला निघताना ते ती बरोबर घेत. त्यांनी ती हातात घेतली नाही. "तू लिही. मी बोलतो. मान वर करायची नाही."

तिने मांडीवर वही उघडली.

"पुढच्या खोक्याची. तेरावा दिवस. ब्रेक, दहापैकी दहा. वजन, ठीक. वळण, ठीक. सायकल, पास." ते थांबले. पेन कागदावर टेकवून ती वाट बघत राहिली. रीत होती म्हणून तिने मान वर केली नाही, आणि नाक ओढल्याचा आवाज तिने ऐकला नाही असं दाखवलं. "चालक," ते म्हणाले. "लिही. नापास. खाली तारीख घाल. केदारला दाखवायचंय, आज. मी दाखवेन."

घर दोन किलोमीटर होतं. सायकल हातात धरून ते चालत निघाले. ते हँडलला, ती पुढे, डाव्या अंगाला. मोटार बंद होती तरी तिच्या पोटातला गोळा गेला नव्हता. आता तो रोजच्या पंचवीस मिनिटांपुरता राहणार नव्हता हे तिला कळून चुकलं होतं. "चर आहे," ती म्हणाली. "डावीकडे सरका. पायरी. माणूस येतोय, थांबा. चला." तिचा घसा बसला तरी ती बोलत राहिली, आणि ते मुकाट ऐकत राहिले.

गेटाशी सान्वी उभी होती, केदारचं बोट धरून. खोक्यात बसून आजी गेल्याचं तिला कळलं होतं आणि आपली जागा गेल्याचा थोडा राग गालांवर होता. तरी ती धावत आली.

"आजी, तू बोलणारी होतीस? किती पकडलेस?"

त्र्यंबकराव हँडल धरून उभे होते. आसावरीने नातीला जवळ ओढलं, इतकं घट्ट की हेल्मेट न घातलेलं तिचं डोकं पोटात रुतलं.

"एकच," ती म्हणाली. "आणि तोही उशिरा."